मतलई वाऱ्यावरच्या उडत्या तबकड्या

डिसेंबर महिना, रात्रीचे पावणेदहा. देवगड तालुक्यातल्या आमच्या वाडीत जेवणं आटोपून माणसं खळ्यात शेकोटीभोवती बसली होती. तेवढ्यात पुळणीकडून, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूकडून, पोरं ओरडत आली, "दर्यार बघा, दर्यार! काय आसा ता?" आम्ही सगळे धावलो. सुरूच्या बनावर पाच लाल दिवे तरंगत होते. आवाज नाही, लुकलुकणं नाही. एकमेकांपासून अंतर राखून पाचही हळूहळू वर चढत समुद्राकडे निघाले होते. पाच-सात मिनिटांनी पहिला विझला, मग दुसरा, आणि बघता बघता आभाळ पुन्हा काळं झालं.

तेवढ्या वेळात पुळणीवर चार निरनिराळ्या गोष्टी तयार झाल्या होत्या. शाळेतली मुलं म्हणाली, उडती तबकडी. एक म्हातारे काका हात जोडून पुटपुटले, "देवचाराच्यो मशाली त्यो." देवचार म्हणजे गावाची राखण करतो असं मानतात ते भूत. कॉलेजात जाणाऱ्या एकाला शत्रूचे ड्रोन दिसले, समुद्रातून काय येऊ शकतं हे २००८ साली मुंबईने पाहिल्यापासून किनाऱ्यावरचं कोणीच विसरलेलं नाही. आणि मागे उभ्या असलेल्या एका काकींनी माझा दंड घट्ट धरला. "गे बाये, ट्रॉलरावरचो लाल दिवो तर नाय मा तो? माझो झील भायर आसा."

मी शाळेत विज्ञान शिकवतो. तरी पहिली पाच मिनिटं मलाही काही कळलं नव्हतं, आणि अंगावर काटा आला होता हे खरंच आहे. रात्री अकरापर्यंत व्हिडिओ व्हॉट्सअॅपवर फिरू लागला, त्यावर लिहिलेलं होतं, 'देवगड किनाऱ्यावर उडत्या तबकड्या'. चौथ्या दिवशी सुट्टीला मुंबईहून आलेल्या दोन पोरांनी कबूल केलं. लाल कागदाचे उडते कंदील त्यांनी बनाच्या आडून सोडले होते, आणि व्हिडिओही त्यांनीच टाकला होता.

वाडीतल्या बहुतेकांनी विषय तिथेच मिटवला. "लोक मूर्ख असतत," असंही कोणी कोणी म्हणालं. मला ते पटलं नाही. पुळणीवर मूर्ख कोणीच नव्हतं आणि खोटंही कोणी बोलत नव्हतं. मग एवढ्या माणसांना, एवढ्या प्रामाणिकपणे, नसलेली गोष्ट कशी दिसली? याचं उत्तर डोळ्यांच्या घडणीत आहे, वाऱ्यात आहे, आणि थोडं एका शब्दातही आहे.

शब्दापासूनच सुरुवात करतो. २४ जून १९४७ रोजी केनेथ अर्नोल्ड नावाचा वैमानिक अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात माउंट रेनियर या पर्वताजवळून आपलं छोटं विमान नेत होता. त्याला नऊ चकाकत्या वस्तू वेगाने जाताना दिसल्या. त्यांची चाल कशी होती हे सांगताना त्याने उपमा दिली: पाण्यावर बशी भिरकावली तर ती जशी उड्या घेत जाते, तशी. आपण खाडीत चपटी खापरी मारून भाकऱ्या काढतो ना, तीच चाल. अर्नोल्डने नंतर काढलेलं चित्र बशीसारखं नव्हतंच, बुटाच्या टाचेसारखं होतं. पण वर्तमानपत्रांनी चालीची उपमा उचलून ती आकाराला लावली आणि 'उडती बशी' छापली. मराठीत तिची 'उडती तबकडी' झाली, ग्रामोफोनच्या तबकडीसारखी गोल, चपटी. पुढच्या काही आठवड्यांत अमेरिकेत शेकडो लोकांनी उडत्या वस्तू पाहिल्याचं कळवलं, आणि त्यातल्या कितीतरी जणांना गोल बशाच दिसल्या. पहिल्याने जे पाहिलंच नव्हतं, ते बाकीच्यांना दिसू लागलं. आमच्या म्हाताऱ्या काकांकडे तबकडी हा शब्द नव्हता, देवचार होता. म्हणून त्यांना मशाली दिसल्या.

आता डोळ्यांचं बघू. अंधारात एकटा दिवा किती लांब आहे हे ओळखायला डोळ्यांकडे जवळजवळ काहीच साधन नसतं. दिवसा आपण झाड, घर, माणूस यांच्याशी ताडून अंतर ठरवतो. दोन डोळ्यांतल्या फरकावरून खोली कळते खरी, पण ते जवळच्या वस्तूंपुरतं. शेकडो मीटरवरच्या दिव्यासाठी दोन्ही डोळ्यांना सारखंच दिसतं. काळ्या दर्यावर, काळ्या आभाळात ताडून बघायलाही काही नसतं. आणि अंतर चुकलं की वेगही चुकतो. आमच्या वर्गात फळ्यावर केलेला हिशोब सांगतो. कंदील तुमच्यापासून ३०० मीटरवर आहे आणि वाऱ्याबरोबर सेकंदाला ३ मीटर सरकतोय, म्हणजे माणसाच्या हळू धावण्याइतका वेग. आता तोच दिवा ३० किलोमीटरवर आहे असं तुम्ही मनात धरलंत. डोळ्यासमोर तो तेवढाच सरकतो, पण हिशोबात त्याचा वेग शंभर पट होतो, सेकंदाला ३०० मीटर. म्हणजे ताशी १,०८० किलोमीटर, आणि तोही आवाज न करता. "अशक्य वेगाने गेलं," असं सांगणारा साक्षीदार खोटं बोलत नसतो. त्याच्या मनाने अंतर चुकीचं धरलेलं असतं, आणि बाकीचा गुणाकार मन बिनचूक करतं.

दुसरी गोष्ट तुम्ही आज रात्री घरीच करून बघा. खोलीत पूर्ण काळोख करा, दारं-खिडक्यांच्या फटीही बुजवा. एक उदबत्ती लावून खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा आणि मधे काही येणार नाही असं बसून तिच्या निखाऱ्याकडे एकटक बघा. मिनिटभरातच तो लाल ठिपका हलायला लागतो. आधी थोडा डावीकडे, मग वर, कधी गर्रकन वळल्यासारखा. उदबत्ती जागची हललेली नसते. आपले डोळे कधीच पूर्ण स्थिर नसतात. आजूबाजूचं दिसत असतं तेव्हा मेंदू त्या हालचालीचा हिशोब लावून टाकतो. काळोखात धरायला दुसरं काही नसलं की दिवाच हलल्यासारखा वाटतो. मी मुलांना हे प्रयोगशाळेत दाखवतो तेव्हा दरवर्षी कोणीतरी उठून उदबत्ती चाचपून बघतं, खाली दोरा बांधलाय का म्हणून.

मुझफ्फर शेरीफ या मानसशास्त्रज्ञाने १९३५ साली याच फसव्या हालचालीवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. अंधाऱ्या खोलीत स्थिर दिवा दाखवून तो लोकांना विचारायचा, दिवा किती हलला? एकेकट्याला विचारलं तर प्रत्येकाचं उत्तर वेगळं. कोणी म्हणे दोन बोटं, कोणी म्हणे वीतभर. मग त्याने दोघातिघांना एकत्र बसवून मोठ्याने उत्तरं द्यायला लावली. काही फेऱ्यांत त्यांची उत्तरं एकमेकांजवळ आली आणि तिथेच स्थिरावली. नंतर त्यांना पुन्हा एकेकटं बसवलं तरी त्यांनी गटातलंच उत्तर धरून ठेवलं. त्यांच्यावर दबाव कोणी टाकला नव्हता. स्वतःची खात्री नसली की आपण शेजारच्याच्या डोळ्यांचा आधार घेतो, आणि एरवी ते शहाणपणाचंच असतं. पण "पन्नास जणांनी सारखंच पाहिलं" हे वाक्य ऐकलं की मी आता आधी एकच विचारतो: त्या पन्नास जणांनी एकमेकांशी बोलण्याआधी पाहिलं, की बोलल्यावर?

तिसरी गोष्ट आमच्या पुळणीवर मला स्वतःला झाली. पाच दिवे सुटे आहेत असं मला वाटतच नव्हतं. ते एका प्रचंड काळ्या वस्तूचे कोपरे आहेत आणि मधलं आभाळ जास्त काळं आहे, असं मी शपथेवर सांगितलं असतं. ठिपके जोडून आकृती करणं ही मेंदूची जुनी सवय आहे. तिच्याचमुळे आपल्याला सात ताऱ्यांत सप्तर्षी दिसतात.

आमच्या पोरांनी केलं तसं, पण फार विचारपूर्वक, अमेरिकेतल्या न्यू जर्सीत दोन तरुणांनी केलं होतं. ५ जानेवारी २००९ च्या रात्री मॉरिसटाऊन परिसरात लोकांना पाच लाल दिवे आकाशात दिसले. पोलिसांना फोन गेले, टीव्हीवर बातम्या झाल्या. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत हे आणखी चार वेळा घडलं. हे बलूनला बांधलेले फ्लेअर, म्हणजे भडक उजेडाने जळणाऱ्या नळकांड्या, असावेत असा पोलिसांचा अंदाज होता. उलट उडत्या तबकड्यांचे जाणकार म्हणवणारे काही जण तसं असूच शकत नाही असं सांगत होते. १ एप्रिलला दोघांनी सगळं उघड केलं. साहित्य काय? तीन फुटी हेलियमचे फुगे, रस्त्यावर अपघात झाला की लावतात ते लाल फ्लेअर, आणि मासे पकडायची तंगूस, म्हणजे नायलॉनची बारीक दोरी. साक्षीदारांचं बोलणं आणि तज्ज्ञांची खात्री किती तकलादू असते हे दाखवायचं होतं, असं त्यांचं म्हणणं. न्यायालयात दोघांना प्रत्येकी २५० डॉलर दंड आणि ५० तास समाजसेवा झाली.

हेलियमचा विषय निघालाच आहे तर आमच्या विजयदुर्गाचं थोडं सांगतो, कारण तेही याच मुद्द्याला धरून आहे. एक घनमीटर हेलियम साधारण एक किलो वजन उचलतो. तीन फुटी फुग्यात ०.४ घनमीटर वायू मावतो, म्हणजे सुमारे ४०० ग्रॅम. फ्लेअर सहज वर जातो. आणि हा वायू पृथ्वीच्या आधी सूर्यावर सापडला. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात सूर्याच्या कडेच्या ज्वाळांच्या वर्णपटात एक पिवळी रेषा दिसली. आमच्याकडे सांगतात की नॉर्मन लॉकियर या शास्त्रज्ञाने विजयदुर्ग किल्ल्यातून हा शोध लावला. त्याने जिथे दुर्बीण ठेवली असं सांगतात ते 'साहेबाचे ओटे' किल्ल्यात आहेत, १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिन होतो, मुलांची गर्दी होते. मला तो दिवस फार आवडतो. पण त्या ग्रहणाच्या वेळी लॉकियर इंग्लंडमध्ये होता. फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होता, आणि लॉकियरने ती रेषा ऑक्टोबरात इंग्लंडमधूनच, ग्रहण नसताना पाहिली. मी मुलांना दोन्ही सांगतो. आपल्या गावाची, आपल्या अभिमानाची गोष्टसुद्धा तारीख आणि ठिकाण विचारूनच घ्यावी लागते. त्याने किल्ला लहान होत नाही.

बनावट तबकडीचा सगळ्यात देखणा प्रकार मात्र इंग्लंडमधला. ४ सप्टेंबर १९६७ च्या सकाळी दक्षिण इंग्लंडमध्ये पश्चिमेपासून पूर्वेपर्यंत जवळजवळ एका सरळ रेषेत सहा ठिकाणी चंदेरी तबकड्या पडलेल्या सापडल्या. हलवल्या की आतून बीप-बीप आवाज यायचा. एक गोल्फच्या मैदानावर होती. पोलीस, लष्कर, हवाई दल, बॉम्ब निकामी करणारं पथक असे सगळे कामाला लागले. एक तबकडी उघडली तर आतून भयंकर वासाचा चिकट लगदा बाहेर आला. तो पीठ आणि पाणी शिजवून केलेला होता. फार्नबरोच्या विमान संशोधन केंद्रातल्या शिकाऊ तंत्रज्ञांनी धर्मादाय निधी जमवण्याच्या सप्ताहासाठी हे केलं होतं. त्यांचं म्हणणं असं की परग्रहावरून खरंच कोणी आलं तर सरकारी यंत्रणेला सराव असावा. मला त्यांची कारागिरी आवडते, कारण वस्तू जमिनीवर होती, हातात घेता येत होती, म्हणून संध्याकाळपर्यंत प्रश्न सुटला. आकाशातल्या दिव्याचं तसं नसतं. तो विझला की तपासायला काही उरत नाही, आणि उरतात त्या फक्त आठवणी.

आठवणी आणि फोटो. फोटोबद्दल वॉर्मिन्स्टरचं उदाहरण सांगायलाच हवं. हेही इंग्लंडमधलंच गाव, १९६० च्या दशकात तिथल्या टेकडीवर लोक तबकड्या बघायला रात्र रात्र जमत. २८ मार्च १९७० ला काही संशोधकांनी मुद्दाम लांबच्या टेकडीवर जांभळा दिवा लावला. त्यांचाच एक जण गर्दीत उभा राहून कॅमेरा चालवत होता, पण त्यातल्या रोलवर तबकडीची नकली चित्रं आधीच घेतलेली होती. लोकांनी पाहिलेला दिवा आणि फोटोतली वस्तू जुळत नव्हती. रस्त्यावरचे दिवेसुद्धा जुळत नव्हते. विसंगती सापडावी म्हणून त्या हेतुपुरस्सर ठेवल्या होत्या. तरी तबकड्यांना वाहिलेल्या एका नावाजलेल्या मासिकाने ते फोटो खरे म्हणून छापले आणि दोन वर्षांहून जास्त काळ कोणाला ती चूक दिसली नाही. आमच्या व्हिडिओचंही तेच झालं. त्यात खालच्या कोपऱ्यात सुरूची झाडं दिसत होती, सगळी एकाच बाजूला झुकलेली. वारा कुठून कुठे वाहतोय हे त्यातच लिहिलेलं होतं. हजारोंनी पाहिला, झाडांकडे कोणी बघितलं नाही.

बघितलं ते आमच्या वाडीतल्या जुन्या तांडेलाने, म्हणजे होडीच्या म्होरक्याने, आणि व्हिडिओत नाही, त्याच रात्री पुळणीवर. तो दिव्यांकडे थोडा वेळ बघून म्हणाला, "दिवे सोडा. वारो खंयसून येता ता बघा." मग त्याने ओली वाळू टाकून कोरडी वाळू मुठीत घेतली आणि सोडली. वाळू समुद्राकडे गेली. दिवसा जमीन तापते तेव्हा समुद्रावरून खारे वारे येतात. रात्री जमीन पाण्याआधी थंड होते आणि वारा उलटतो, जमिनीवरून दर्यावर जातो. हाच मतलई वारा. जो दिवा वाऱ्याच्याच दिशेने, वाऱ्याच्याच वेगाने, एकामागून एक त्याच वाटेने जातो आणि काही मिनिटांत एकेक करून विझतो, त्यात यंत्र नसतं, तो वाऱ्यावर सोडलेला असतो. कंदिलातलं मेण तेवढाच वेळ पुरतं. शुक्राचा संशय मी घेतला होता, पण शुक्र सूर्यास्तानंतर फार तर तीन तास दिसतो. डिसेंबरात पावणेदहाला तो पश्चिमेला असूच शकत नाही. एरवी तो भल्याभल्यांना फसवतो. लडाखमध्ये आपल्या जवानांनी सीमेवर वारंवार दिसणाऱ्या दिव्यांची नोंद ठेवली होती. २०१३ मध्ये खगोलशास्त्रज्ञांनी तपासून सांगितलं की ते गुरू आणि शुक्र आहेत. जवानांची नजर कच्ची नव्हती. त्यांनी वेळ आणि दिशा लिहून ठेवली होती म्हणूनच तर उत्तर निघालं.

आणि प्रत्येक वेळी उत्तर 'काही नाही' असंच असतं असंही नाही. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी महाराष्ट्राच्या आकाशातून पेटते तुकडे रांगेने गेले. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यात धातूचं मोठं कडं येऊन पडलं. तो चिनी रॉकेटचा भाग होता. तेव्हा घाबरून फोन करणारे लोक बरोबर होते. अमेरिकी हवाई दलाच्या 'ब्लू बुक' प्रकल्पाने १९६९ पर्यंत अनोळखी उडत्या वस्तूंच्या १२,६१८ नोंदी तपासल्या, त्यातल्या ७०१ ओळखता आल्या नाहीत. 'ओळखता आली नाही' याचा अर्थ परग्रहावरून आली असा होत नाही. पण नोंदच झाली नसती तर बाकीच्या जवळजवळ बारा हजारांचं उत्तरही मिळालं नसतं.

म्हणून आता आमच्या शाळेतली मुलं मूठ वापरतात. हात ताठ समोर धरून मूठ मिटली की ती आकाशातला सुमारे १० अंशांचा भाग झाकते. क्षितिजापासून किती मुठी वर, कोणत्या दिशेला, किती वाजता, वारा कुठून, आवाज होता का, किती वेळ दिसलं. हे आधी वहीत, एकमेकांशी न बोलता. मोबाइलवर चित्रीकरण करायचंच तर झाड, घराची कौलं, विजेचा खांब असं काहीतरी चौकटीत घेऊन.

हे सगळं त्या दोन पोरांनाही मी सांगितलं, त्यांनी मन लावून ऐकलं. पण त्यांच्याशी माझं खरं भांडण दुसऱ्याच गोष्टीवर होतं. उडत्या कंदिलात उघडी ज्योत असते आणि तो कुठे उतरेल हे सोडणाऱ्याच्या हातात नसतं. जर्मनीत क्रेफेल्डच्या प्राणिसंग्रहालयात २०२० सालच्या पहिल्याच रात्री अशाच कंदिलांनी माकडांच्या घराला आग लागली आणि तीसहून अधिक प्राणी गेले. आमच्याकडे डिसेंबरात कातळावरचं गवत वाळलेलं असतं. एक ठिणगी पडली तर वणवा आंब्या-काजूच्या बागेत शिरतो, आणि कलमं वाढवायला लागलेली पंधरा वर्षं एका दुपारी जातात.

त्याहून मोठी गोष्ट लाल रंगाची. समुद्रावर रात्री आकाशात लाल उजेड दिसला तर त्याचा अर्थ ठरलेला आहे: कोणीतरी बुडतंय, मदत हवी. बोटीवरचा पॅराशूट फ्लेअर सुमारे ३०० मीटर उंच जाऊन निदान ४० सेकंद जळतो. कंदील मिनिटं मिनिटं जळतो, वर चढत राहतो. जवळून बघणाऱ्याला फरक कळेल. पण चार मैलांवरून, लाटेवर हेलकावणाऱ्या होडीतून बघणाऱ्याने काय करायचं? तो शंका घेऊन पुढे जाऊ शकत नाही. किनाऱ्यावर असाल आणि असा उजेड दिसला तर १५५४ हा तटरक्षक दलाचा क्रमांक आहे, शंका असली तरी फोन करा. माझा दंड धरणाऱ्या काकी त्या रात्री सगळ्यांत योग्य प्रश्न विचारत होत्या, आणि आम्ही सगळे तबकडी आणि देवचारात गुंतलो होतो.

त्यांच्या मुलाचा ट्रॉलर पहाटे पाचला येणार होता, साडेसात झाले तरी आला नव्हता. काकी रात्रभर पुळणीवरून हलल्या नव्हत्या. आठच्या सुमाराला ट्रॉलर खाडीच्या तोंडाशी दिसला. बर्फाच्या पेट्या जवळजवळ रिकाम्या होत्या. त्यांनी लाल दिवे पाहिले, जाळं ओढून घेतलं, दिवे विझले त्या अंदाजाने वळले आणि पाण्यावर बॅटऱ्या मारत, हाका मारत रात्रभर फिरत राहिले. काकींचा मुलगा गुडघाभर पाण्यात उतरला, आईकडे एकदा बघितलं, आणि मी दिसल्या दिसल्या मला विचारलं, "गुरुजीनू, कोणाची होडी होती ती? गावले मा सगळे?"